हिस्ट्री तिकीट आणि सर्व्हे कार्ड

कैदी तुरुंगात आला की त्याला तपासून त्याची प्रकृती लिहून ठेवायची, ही पद्धत आजची नाही. १८९४च्या प्रिझन्स ॲक्टात चोविसावं कलम आहे. आलेल्या प्रत्येक गुन्हेगार कैद्याची लवकरात लवकर तपासणी व्हावी, त्याची तब्येत कशी आहे, अंगावर जखमा आणि खुणा कुठल्या आहेत, आणि सक्तमजुरी झाली असेल तर तो कुठल्या कामाला चालेल, हे एका वहीत लिहावं. पस्तिसाव्या कलमाप्रमाणे कामावरच्या कैद्याचं वजन दर पंधरवड्याला निदान एकदा त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे नोंदीच्या कार्डावर, चढलं पाहिजे. म्हणजे ज्या काळी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतमजुराला जन्मापासून मरेपर्यंत एकदाही काट्यावर उभं राहायची वेळ येत नव्हती, त्या काळी त्याच गावचा चोर महिन्यातून दोनदा काट्यावर चढत होता.

हे कलम मी निवृत्तीनंतर वाचलं. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कुष्ठरोगाच्या कामावरचा पॅरामेडिकल वर्कर म्हणून नोकरीभर सायकलीवर गावं केली, लोकांच्या पाठी आणि कोपर तपासले, कार्डं भरली. त्यामुळे कुठलाही भरायचा कागद दिसला की माझं लक्ष पहिल्यांदा एवढ्याकडेच जातं, की तो भरतो कोण आणि भरल्यावर ठेवतो कोण. चोविसाव्या कलमात याचं उत्तर स्वच्छ दिलेलं आहे. लिहायचं डॉक्टरच्या हुकमानं, आणि वही ठेवायची जेलरनं.

इंग्रजांना कैद्यांच्या वजनाची एवढी काळजी का, हा प्रश्न कुणालाही पडेल. दया थोडीफार असेलही, नाही म्हणत नाही. पण तुरुंग ही सरकारच्या हातातली अशी जागा होती जिथे शेकडो माणसं एकच अन्न खात, एकाच विहिरीचं पाणी पीत, आणि रोज संध्याकाळी मोजली जात. गावात पटकीनं किती मेले ते पाटलाच्या सांगण्यावर. तुरुंगात मेलेला मात्र चुकत नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी हगवण, पटकी, आहार यांचं जे काही गणित मांडलं, त्यातलं पुष्कळसं कैद्यांच्या आकड्यांवर मांडलं. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञानं जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला लस टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. टोचून घ्यायला कैदी आपखुशीनं पुढे आले, असं लिहिलेलं आहे. गजाआडच्या माणसाची खुशी कशी मोजायची, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. लस चालली, लाखो लोकांना तिचा फायदा झाला, हेही खरंच. बंगालमध्ये तर टपाल कचेरीत मिळणाऱ्या स्वस्त क्विनाइनच्या पुड्या बांधण्याचं काम कैद्यांकडे होतं. हिवतापाचं औषध घरोघर गेलं ते कैद्यांच्या हातून.

त्याच कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की तुरुंगाच्या आरोग्याचा कारभार डॉक्टरकडे, पण अधीक्षकाच्या हुकमतीखाली. आणि पन्नासावं कलम म्हणतं की कमी अन्नाची किंवा फटक्यांची शिक्षा द्यायची तर कैदी ती सोसायला लायक आहे, असा डॉक्टरचा दाखला हवा. पुष्कळ जिल्ह्यांत तर अधीक्षक आणि सिव्हिल सर्जन ही एकच असामी असे, त्यामुळे हुकमत कुणाची कुणावर हा प्रश्नच मिटला. सकाळी ज्यानं छातीला नळी लावली, तोच दुपारी फटक्यांना हरकत नाही असं लिहून देणार. कैदी अशा माणसाला दुखणं सांगताना काय तोलून मापून सांगत असेल! माझ्या मते तुरुंगातल्या वैद्यकाचा मूळ रोग हाच आहे आणि बाकीची सगळी लक्षणं.

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२मध्ये. त्यानंतरच्या साठ वर्षांत इथल्या साध्या कैद्याचं काय दुखलं खुपलं, ते सरकारी अहवालातल्या बेरजेपलीकडे वाचायला मिळत नाही. १९१८च्या तापसरीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाइतकी माणसं देशात फार थोड्या ठिकाणी मेली. बराकीत तेव्हा काय झालं असेल याची कल्पनाच करायची. पारधी, मांग, गोंड, कर्जात गेलेला कुणबी, यांच्यापैकी कुणी तुरुंगातल्या आजारपणाची आठवण लिहून ठेवली नाही.

आमच्या भागात आठवणी लिहिणारे कैदी आले ते १९२३च्या झेंडा सत्याग्रहानंतर. नागपूरचा तुरुंग भरला. वर्ध्याचे जमनालालजी बजाज आत गेले, विनोबा आत गेले. १९३०, १९३२, १९४०, १९४२, दर वेळी आमच्या जिल्ह्यातली शिकलेली माणसं तुरुंगात जाऊन आली. १६ ऑगस्ट १९४२ला आष्टीत पोलीस ठाण्यावर जमाव गेला, दोन्हीकडची माणसं मेली, आणि शिकलेल्यांबरोबर न शिकलेलेही आत गेले. पहिल्यांदाच तुरुंगातलं दुखणं कागदावर आलं, आणि ते डॉक्टरनं नव्हे तर दुखणाईतानं लिहिलं. अर्थात वजनदार कैद्याची गोष्ट निराळी. येरवड्यात असताना गांधींना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा १२ जानेवारी १९२४च्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉकनं शस्त्रक्रिया केली आणि पुढच्याच महिन्यात सरकारनं त्यांना सोडून दिलं. साध्या कैद्याचं अपेंडिक्स इतक्या तातडीनं कुणाला दुखलं नसतं.

१९४२मध्ये गांधी आणि त्यांची जवळची माणसं पुण्याच्या आगाखान महालात कैदेत होती. तिथे मात्र वजनदारांनाही नियम भेटला. १५ ऑगस्ट १९४२ला गांधींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. तुरुंग खात्याचे प्रमुख कर्नल भंडारी भेटीला आलेले असताना, बोलता बोलता महादेवभाई कोसळले. सुशीला नय्यर, वय अठ्ठावीससुद्धा नाही, तिथे कैदी होत्या आणि डॉक्टरही. पुढे कस्तुरबांचं दुखणं वाढलं, तेव्हा लाहोरचे वैद्य शिव शर्मा उपचाराला आले. पण बाहेरच्या माणसानं रात्री आत राहायचं नाही, हा नियम. म्हणून वैद्यबुवांनी फाटकाबाहेर मोटारीत झोपायचं, आणि रोगी बिघडली की आतून निरोप, पहारेकरी, कुलूप, असं करत आत यायचं. गांधींनी सरकारला पत्र लिहून भांडून परवानगी काढली. २२ फेब्रुवारी १९४४ला बा गेल्या. त्यांच्याच नावाचा दवाखाना पुढे सेवाग्रामात बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात उभा राहिला, आणि १९६९मध्ये त्याचं मेडिकल कॉलेज झालं. ज्या डॉक्टरनं, म्हणजे सुशीला नय्यर यांनी, ते उभं केलं, ती दीड-दोन वर्षं बंदिवासात आपली माणसं मरताना पाहून आलेली होती. सेवाग्रामात ‘बडी बहनजी’ म्हणून शिस्तीच्या शंभर गोष्टी सांगतात, ही एक फार कमी वेळा सांगतात.

मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते मात्र परचुरे शास्त्री. संस्कृतचे पंडित, सत्याग्रही. १९३२मध्ये येरवड्यातच होते आणि गांधीही येरवड्यात. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग, म्हणून त्यांचं अंगण वेगळं. गांधींनी त्यांना भेटायची परवानगी मागितली ती मिळाली नाही. एकाच तटाच्या आत राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना पत्रं लिहिली. आज वाचताना हसू येतं, पण नियमाप्रमाणे बरोबरच होतं. कुष्ठरोगी वेगळा, हा तुरुंगाचाच नियम होता असं नाही, तो साऱ्या मुलखाचा होता.

कारण त्याच्या आधीच, १८९८मध्ये, सरकारनं कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला होता. जिथे तो लागू केला होता तिथे निर्धन दिसणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत, मग डॉक्टरचा दाखला, मग मॅजिस्ट्रेट, मग आश्रमात रवानगी. पळाला तर पुन्हा धरून आणायचा. खाण्याचे पदार्थ करणं-विकणं, सार्वजनिक विहिरीवर अंघोळ, भाड्याच्या गाडीत बसणं, यांवर बंदी घालता येई. गुन्हा काय, तर अंगावर रोग आणि खिशात पैसा नाही. पैसेवाल्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात धाडायची तरतूद या कायद्यात नव्हती. केंद्राच्या कायद्यांच्या यादीतून तो पुसला गेला थेट २०१६मध्ये.

सुटल्यावर शास्त्रीबुवा इकडेतिकडे फिरले आणि १९३९मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात येऊन थांबले. रोग वाढलेला. मला इथे मरू द्या, एवढंच मागणं. आश्रमात बायका होत्या, मुलं होती, कुजबुज झालीच असणार. गांधींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी घालून दिली आणि रोज स्वतः त्यांचं अंग चोळायला बसले. त्याचा फोटो आहे, वर्ध्यात घरोघर पाहिलेला. लोक त्यात करुणा पाहतात. मी पॅरामेडिकल असल्यामुळे मला वेगळंच दिसतं: येरवड्यात जी भेट नाकारली गेली होती ती सात वर्षांनी झाली. पुढे शास्त्रीबुवा जवळच्या दत्तपूरला गेले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६पासून तिथे कुष्ठसेवा उभी केली होती. १९४५मध्ये शास्त्रीबुवा तिथेच वारले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. यानंतरची ठाऊक नसते, कारण तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. १९५१मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. डॅप्सोनच्या गोळ्या नुकत्या हाती आल्या होत्या. डॉ. रा. वि. वार्देकर यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी एक साधी गोष्ट उलटी केली. रोग्याला आश्रमात आणून ठेवण्याऐवजी त्याला त्याच्या घरी शोधायचं, लोकांना समजवायचं, आणि घरीच गोळ्या द्यायच्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला ‘सेट’ म्हणतो. वर्ध्यासारखीच केंद्रं इतर प्रांतांतही निघाली, सगळीकडे कामाची पद्धत एक आणि नोंदीही एकसारख्या. पाचेक वर्षांत सरकारनं देशाचा कार्यक्रम याच पद्धतीनं चालू केला. साधारण पंचवीस हजार वस्तीमागे एक माणूस, सायकल, पिशवी, कार्डं. संशोधनाचं जाळं म्हणून आज ज्याच्या परिषदा भरतात, ते आमच्याकडे सायकलीवर विणलं गेलं.

कार्डाविषयी थोडं सांगतो. त्यावर नाव, बापाचं नाव, घर नंबर. घर नंबर आम्हीच गेरूनं दारावर टाकायचो. खाली माणसाच्या दोन आकृत्या, पुढून आणि पाठून. अंगावर चट्टा सापडला की त्या जागी आकृतीवर काढायचा. डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं चट्ट्याला स्पर्श करायचा, कळला तर बोट ठेवून दाखव म्हणायचं. कोपराच्या मागची नस चाचपायची, जाड लागली तर लिहायची. बाईला तपासायला बाईच हवी, नाहीतर दार बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्ड गावात कुणालाही दाखवायचं नाही, सरपंचालासुद्धा नाही. माझ्या आधीच्या एका वर्करनं कुणाशी तरी बोलताना एक नाव घेतलं आणि त्या घरची मुलगी परत पाठवली गेली. तेव्हापासून त्या गावात आमच्या सायकलीची घंटा वाजली की माणसं शेताकडे निघायची. ते गाव पुन्हा जिंकायला मला फार वर्षं लागली.

हिस्ट्री तिकिटावरही माणसाच्या अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. तिथे त्या ओळख पटवायला आणि काम ठरवायला. आमच्या कार्डावर त्या औषध ठरवायला. कागद जवळजवळ सारखेच.

नोकरीच्या शेवटाकडे मी विदर्भातल्या एका तुरुंगात तपासणीला जाऊ लागलो. जिथे माणसं दाटीनं राहतात तिथे शोधा, असा आमच्या कार्यक्रमाचा आग्रह असतो. बराकीसमोर रांग, शर्ट काढलेले, एकेक पुढे. पाठ तपासता तपासता बाकीचं दिसतंच. खरूज तर होतीच, पण खोकला, पायावर सूज, हाताला कंप हेही. हाताचा कंप हा आमच्या जिल्ह्याचा खास विषय. गांधीजींच्या नावानं इथे दारूबंदी आहे, त्यामुळे दारू गाळणारा, विकणारा आणि पिणारा, तिघंही आत येतात. रोजची मोहाची अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस थरथरतो, त्याला नाही ते दिसतं, बडबडतो. बराकीतले लोक म्हणतात बाहेरचं लागलं, पहारेकरी म्हणतो नाटक करतो. ओळखलं आणि वेळेवर औषध दिलं तर उठून बसतो, नाही तर मरूही शकतो. हे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या तुरुंगात घडत असणार, आणि याचा जिल्ह्यावार आकडा मी तरी कुठे छापलेला पाहिला नाही.

रांगेत दोन तऱ्हेचे लोक भेटत. एक, चट्टा नसताना चट्टा दाखवणारे. दवाखान्यात न्या, तेवढीच हवा बदलेल. दुसरे, असलेला झाकणारे. यांना वाटे, रोग निघाला तर जामीन अडेल. एक तरुण मला आठवतो. दंडावर बधिर चट्टा, उपचाराचं पाकीट सुरू केलं. त्यातल्या एका औषधानं कातडी काळपट होते हे मी त्याला सांगितलं होतं, तरी दोन महिन्यांनी चेहरा सावळला तेव्हा बराकीत प्रश्न सुरू झाले. त्यानं सांगितलं उन्हानं झालं. बराकीत कुठलं ऊन! पण लोकांनी मानलं. बारा पाकिटांपैकी चौथं चालू असताना त्याला जामीन मिळाला. संध्याकाळी सुटला आणि गेला. तुरुंगाच्या कागदावर पत्ता होता तो पोलिसांनी लिहिलेला, गावाचं नाव बरोबर, बाकी काही नाही. मी त्याला हुडकून काढला तो पत्त्यावरून नव्हे, त्याच्या मामाच्या घराचा जुना गेरूचा नंबर माझ्या कार्डात होता म्हणून.

हा एक हुडकला, पण असे किती असतील? देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. २०२२च्या अखेरीस एकूण ५ लाख ७३ हजारांवर माणसं आत होती, त्यातले ४ लाख ३४ हजार असे. क्षयाचं औषध सहा महिन्यांचं, आणि कच्चा कैदी कधी वीस दिवसांत बाहेर, कधी दोन वर्षांनी. औषध आत चालू झालं तर बाहेर संपतं की नाही, हे ना तुरुंगाला माहीत असतं ना गावच्या दवाखान्याला.

नियमांची कमी आहे म्हणावं तर तसंही नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. मानवाधिकार आयोगानं १९९३पासून कोठडीतला मृत्यू २४ तासांत कळवायला लावला, आणि १९९९मध्ये तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाच्या तपासणीचा छापील नमुना सगळ्या राज्यांना पाठवला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कैद्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. गुन्हे नोंद विभाग दर वर्षी तुरुंगातले मृत्यू कारणासह छापतो. मेलेल्यांची मोजणी बरी चालली आहे. जिवंत दुखणाइतांची होत नाही. नमुना भरला जातो, फाइलीत जातो, आणि दुसऱ्या तुरुंगातल्या तशाच नमुन्याशी त्याची गाठ पडत नाही.

इंग्लंडमध्ये २००६पर्यंत तुरुंगातलं आरोग्य गृहखात्याच्या हातून काढून सरकारी आरोग्यसेवेकडे दिलं, आणि त्याच सुमारास विद्यापीठांनी मिळून गुन्हेगारांच्या आरोग्यावर संशोधनाचं जाळं उभं केलं. डॉक्टरचा मालक बदलणं आणि संशोधन, दोन्ही बरोबरीनं चाललं.

आमच्याकडे असं जाळं जमण्यासारखं का वाटतं, तर सगळी ठाणी विदर्भातच आहेत. नागपूर आणि अमरावतीला मध्यवर्ती कारागृह, मोर्शीला खुलं, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अकोला, भंडारा, बुलडाण्याला जिल्हा तुरुंग. जवळजवळ प्रत्येकाच्या शेजारी किंवा टप्प्यात एखादं मेडिकल कॉलेज. वर्ध्याला तर दोन, सेवाग्राम आणि सावंगी. नागपूरला मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी बलात्कारपीडितांची तपासणी किती वाईट होते याचा अहवाल मांडला, त्यावरून २०१०मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि राज्याला तपासणीची पद्धत बदलावी लागली. म्हणजे नोंद नीट ठेवली की सरकार हलतं, हे जिल्ह्यानं एकदा कुष्ठरोगात आणि एकदा कोर्टात पाहिलेलं आहे.

मागं कॉलेजची काही तरुण मंडळी माझ्याकडे आली होती, असं काही करावं म्हणून. त्यांची यादी मोठी होती, संगणकावर नोंद, रक्त, एक्सरे, प्रश्नावली. मी म्हटलं, सुरुवातीला चारच गोष्टी घ्या: वजन, खोकला, कंप, आणि सुटताना कुठली गोळी चालू होती ती. सगळ्या तुरुंगांत एकच कार्ड. कैदी नाही म्हणाला तर नाही, आणि त्याबद्दल त्याचं काही बिघडणार नाही, हे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, वॉर्डर जवळ नसताना. बायकांच्या बराकीत बाई जाईल. सुटल्यावर त्याला शोधायला पोलीस पाटलाकडे कधीही जायचं नाही, आशा ताईकडे जायचं, आणि तिलाही तुरुंग हा शब्द सांगायचा नाही.

त्यांनी हे सगळं लिहून घेतलं. मग मी विचारलं, कार्ड राहणार कुणाच्या कपाटात? एक जण म्हणाला, तुरुंगाच्या दवाखान्यातच सोयीचं पडेल. दुसरी मुलगी म्हणाली, नाही, सिव्हिलला. त्यावर त्यांची आपसात जुंपली. अधीक्षक परवानगी देईल का, आणि दिली तर कार्ड बाहेर जाऊ देईल का, कोर्टानं मागितलं तर काय, सरकारी वकिलानं मागितलं तर काय. चहा दोनदा झाला. मी मुलीच्या बाजूनं होतो, पण तिनं सिव्हिल म्हटल्यावर मला ते सिव्हिल सर्जन अधीक्षक आठवले, आणि मीही गप्प बसलो. शेवटी असं ठरलं की आधी हा एकच मुद्दा लिहून तुरुंग खात्याकडे पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत एकही कार्ड छापायचं नाही. मसुदा माझ्याकडे तपासायला दिला आहे.